परदेशातून खान्देशातलं घर विकायचं असेल, तर

घर विकायचं ठरलं हे मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेव्हा तिनं किंमत विचारली नाही. एवढंच म्हणाली, "इकी टाका, पन कानबाईले कोठे बसाडशात?" कानबाई म्हणजे खान्देशात घरोघरी बसवतात ती देवी.

अमळनेरचं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. पुढे वटा, मधे चौक, मागच्या दोन खोल्यांवर अजून धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. आप्पा गेले, आई दादाकडे नाशिकला राहायला गेली आणि घराला कुलूप लागलं. मी इंग्लंडमध्ये, पदरात दोन मुलं, एक चार वर्षांचा आणि एक आठ वर्षांची. बंद घर खान्देशात फार दिवस टिकत नाही. एक पावसाळा धाब्यावर खारी माती टाकायची राहिली की तुळईत पाणी उतरतं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी लागते. विकायला आम्हाला एकूण चौदा महिने लागले. त्यातले आठ महिने तरी वाचले असते, जर सुरुवातीलाच कुणी नीट क्रम सांगितला असता. तो क्रम इथे लिहिते आहे. तुमच्या कागदांवर शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचा आणि सीएचा, पण त्यांच्याकडे जाताना काय विचारायचं हे तरी ठाऊक असावं.

पहिली पायरी: माणसं मोजा

श्रावणात कानबाईचे रोट करताना आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. घर विकताना पहिलं काम तसंच आहे, नावं मोजायचं. फरक एकच: इथे मुलींचीही नावं घ्यायची.

बहुतेक घरांचं गाडं नेमकं इथेच अडतं. आम्ही धरून चाललो होतो की आई, दादा आणि मी असे तीन वारस. मालमत्ता पत्रक काढलं तर त्यावर आजोबांचंच नाव. आप्पांनी त्यांच्या हयातीत वारस नोंद केलीच नव्हती. म्हणजे आजोबांची सगळी मुलं वारस झाली, आणि त्यात माझ्या दोन्ही फुई, म्हणजे आत्या, आल्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी ही मुलाच्या बरोबरीनं पहिल्या वर्गाची वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला जन्मानं हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. "लग्नात दिलं, आता तिचा काय संबंध" हे वाक्य दुय्यम निबंधकासमोर चालत नाही, आणि चालू नये.

मोठी फुई धुळ्याला, धाकटी सुरतला. दादाचं म्हणणं होतं, आधी गिऱ्हाईक बघू, मग सह्या मागू. मी उलट सांगेन. गिऱ्हाईक येण्याआधी फुईशी बोला, आणि बोलताना सही मागू नका, तिचा वाटा किती आहे ते सांगा. आम्ही दोघींनाही सांगितलं, "हा तुमचा हिस्सा. घ्यायचा असेल तर तुमच्या खात्यात येईल, सोडायचा असेल तरी तुमची मर्जी." मोठीनं हक्कसोडपत्र दिलं. धाकटीनं हिस्सा घेतला, आणि त्यात कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही, कारण ते पहिल्या दिवशी ठरलं होतं. सौदा ठरल्यावर फुईला फोन गेला असता तर तिला वाटलं असतं की फक्त अंगठ्यापुरती आठवण आली.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. साध्या कागदावरच्या संमतीला अर्थ नाही. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जवळच्या नात्यात सोडताना मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. ज्या वारसाला पैसे हवेत त्याच्याकडून मात्र हक्कसोड घेऊन वरून रोख देऊ नका. त्याला खरेदीखतात विकणारा म्हणूनच उभं करा आणि खरेदीदाराचा चेक थेट त्याच्या नावानं काढायला लावा. पुढची दहा वर्षं कुणी कुणाला काही विचारणार नाही.

आईचा वाटा आईचाच. तो भावाबहिणीत परस्पर वाटून टाकण्याची जी घाई घरोघरी होते, ती करू नका. तिच्या खात्यात पैसे जाऊ द्या.

आता लहान मुलांबद्दल, कारण परदेशातल्या कुटुंबांत हा प्रश्न हमखास येतो. आजी-आजोबा प्रेमानं म्हणतात, "घर नातवाच्या नावावर करून टाकू." घर पुढे विकायचं असेल तर नम्रपणे नाही म्हणा. अज्ञान मुलाच्या नावावरची स्थावर मिळकत आईबापालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही; १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम ८ तसं सांगतं. घरात एखादा भाऊ तरुण वयात गेला असेल आणि त्याच्या लहान मुलांच्या वाट्याला स्वतंत्र हिस्सा आला असेल, तरी हीच परवानगी लागते. तिला महिने जातात, म्हणून ते काम सगळ्यांत आधी सुरू करा.

दुसरी पायरी: कागद काढा, आणि नावं जुळवा

घर कुठे आहे यावर कागद ठरतो. नगरपालिकेच्या हद्दीत सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक, जे भूमी अभिलेख कार्यालयाकडे असतं. बिनशेती प्लॉटवर घर असेल तर बऱ्याचदा सातबारा. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन गावातल्या घरांनाही मालमत्ता पत्रकं मिळू लागली आहेत. तुमच्या गावाची झाली आहे का ते विचारा, खरेदीदाराला त्याचा मोठा धीर वाटतो. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, तो कर भरल्याचा पुरावा. "पावती आप्पांच्या नावानं आहे ना" असं म्हणून निर्धास्त राहू नका.

सातबारा आणि मालमत्ता पत्रक महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीसह मिळतात, आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जुन्या दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, शोधता येते. मुलं झोपल्यावर रात्री बसून मी ही तिन्ही कामं लीड्समधूनच केली. आजोबांचं मूळ खरेदीखत मात्र आईच्या लोखंडी पेटीत, पितांबराच्या घडीत सापडलं. त्यावर जिल्हा म्हणून "पूर्व खानदेश" लिहिलेलं. जुन्या कागदावर हे दिसलं तर गोंधळू नका. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे, आणि त्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला. त्याहून जुना कागद असेल तर तो मोडीत असू शकतो. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका.

मग वारस नोंद. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो. मालमत्ता पत्रकासाठी भूमी अभिलेखकडे. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रं लागतात. सातबाऱ्यावर फेरफार मंजूर होण्याआधी हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. त्यामुळे "उद्या करून देतो" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वारसांत वाद असेल किंवा कागद अपुरे असतील तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला काढावा लागतो, जो मुंबई प्रांताच्या १८२७ च्या रेग्युलेशन आठखाली आजही मिळतो.

माझी खरी अडचण वेगळीच निघाली. वारस नोंदीत माझं माहेरचं नाव, पॅनकार्डावर सासरचं, आणि पासपोर्टवर आप्पांचं नाव मधे घालून तिसरंच. लग्न होऊन परदेशी गेलेल्या बहुतेक मुलींची हीच कथा असते. विवाह नोंदणीचा दाखला आणि "या तिन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा. मी ते अगदी शेवटी केलं आणि त्यापायी सहा आठवडे गेले.

पॅन चालू आहे का तेही आत्ताच तपासा. आयकराच्या पोर्टलवर आपण अनिवासी असल्याची नोंद केलेली नसेल, तर आधारशी जोडणी नाही म्हणून पॅन निष्क्रिय दाखवतं, आणि मग करकपात जास्त दरानं होते.

जमीन कोणत्या वर्गाची

हा भाग छोटा आहे, पण खान्देशात तो वगळून चालणार नाही. उताऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. धरणांच्या पुनर्वसनात मिळालेल्या प्लॉटांवर ही नोंद असू शकते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ खाली परवानगी लागते; नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात हे आधी बघाच. घराबरोबर खळं किंवा शेत असेल तर ते वेगळं धरा. अनिवासी भारतीयाला वारसानं आलेली शेतजमीन ठेवता येते, पण विकताना ती भारतात राहणाऱ्यालाच, आणि महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच विकता येते. घर आणि शेत एकाच सौद्यात गुंडाळू नका.

मुखत्यारपत्र: परदेशातून होणारं सगळ्यांत महत्त्वाचं काम

लहान मुलांना घेऊन प्रत्येक सहीसाठी येणं शक्य नाही, म्हणून मुखत्यारपत्र. त्यात चार गोष्टी जपा.

ते सर्वाधिकाराचं करू नका, या एका मिळकतीपुरतं विशिष्ट करा. सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा त्यात यायला हव्यात. आणि अधिकार एकेक करून लिहा: इसार पावती करणं, खरेदीखतावर सही करणं, निबंधकासमोर कबुलीजबाब देणं, ताबा देणं, घरपट्टी, नळपट्टी आणि वीज मीटरचे अर्ज करणं. आमच्या पहिल्या मसुद्यात मी फक्त "विक्री करण्याचे अधिकार" एवढंच लिहून पाठवलं होतं. चूक माझीच, घाई केली. सगळं पुन्हा करावं लागलं, आणि पुन्हा एकदा मुलांना गाडीत घालून दूतावासाच्या वेळेला पोहोचावं लागलं. पैसे स्वीकारण्याचा अधिकार मात्र देऊ नका. रक्कम तुमच्या एनआरओ खात्यातच, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या बँक खात्यातच, यावी असं त्यात स्पष्ट लिहा. भावावर अविश्वास म्हणून नव्हे. भावाच्या खात्यात तुमचे पैसे आले की आयकराचा पहिला प्रश्न भावालाच येतो.

मुखत्यार शक्यतो सख्ख्या नात्यातला निवडा. महाराष्ट्रात स्थावर विकण्याचं मुखत्यारपत्र आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलगी, नातवंडं अशा नात्यात मोबदला न घेता दिलं तर मुद्रांक शुल्क ५०० रुपये लागतं. मित्राला किंवा शेजाऱ्याला दिलं तर खरेदीखताइतकं शुल्क लागू शकतं.

सही भारतीय दूतावासात करा, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे त्या देशाच्या सरकारचा प्रमाणित शिक्का, घ्या. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे परदेशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वाणिज्य दूतासमोर झालेलं चालतं. तरी ज्या दुय्यम निबंधकाकडे दस्त होणार आहे, तिथे आपल्या वकिलाला आधी मसुदा दाखवायला सांगा. प्रत्येक पानावर सही, फोटो आणि अंगठा घ्या.

आणि ते कुरियरनं भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. पाकीट आलं की त्याच दिवशी त्यावर तारीख टाकायला सांगा. खरेदीच्या दिवशी मुखत्याराला घोषणापत्र द्यावं लागतं की मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे आणि पत्र रद्द झालेलं नाही. म्हणून त्या दिवशी फोनजवळ राहा. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा इंग्लंडात हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच असतात.

नुसत्या मुखत्यारपत्रावर घर "विकून टाकण्याचा" सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अशा व्यवहारानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. नोंदणीकृत खरेदीखत हाच एक रस्ता.

किंमत आणि गिऱ्हाईक

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, बघा. ते मूल्य सौद्याच्या किमतीच्या ११० टक्क्यांहून जास्त निघालं, तर आयकर तुमची विक्री किंमत रेकनरचीच धरतो. वरची किंमत बाजार ठरवतो. आपल्याकडे हा बाजार पिकाबरोबर हलतो. कापूस वेचून दिवाळीनंतर हातात पैसा येतो, रावेर-यावलकडे केळीचा भाव चांगला असला की चौकशा वाढतात. पितृपक्षात कुणी इसार देत नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया), पाडवा, दसरा यांची वाट बघतात. ते गृहीत धरून चला, घाबरून भाव पाडू नका.

जुन्या पेठेतल्या घराला पहिलं गिऱ्हाईक बहुधा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी किंवा भाऊबंद असतो. त्याला आधी विचारा, पण तारीख देऊन विचारा: "दसऱ्यापर्यंत तुमचं सांगा, मग बाहेर बोलतो." तारीख न दिल्यानं घर चार वर्षं "बोलणी चालू" अवस्थेत पडलेलं मी नात्यातच पाहिलं आहे. सामाईक भिंत, बोळ, सांडपाण्याची वाट यांचा उल्लेख सौदा पावतीतच करा. दलाल घ्यायला हरकत नाही. त्याची टक्केवारी आधी कागदावर घ्या आणि चावी त्याच्याकडे देऊ नका.

रोखीबद्दल स्पष्ट सांगते. "थोडे वर, थोडे खाली" हे तुम्हाला कुणीतरी सुचवणारच. घराच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं मना आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. शिवाय रोख पैसा तुम्हाला परदेशी नेता येत नाही. आम्ही त्यापायी एक चांगलं गिऱ्हाईक सोडलं, आणि मला त्याची खंत नाही.

इसारापासून खरेदीखतापर्यंत: कराचा भाग

इथे खरेदीदारालाच अनेकदा माहिती नसते. भारतात राहणाऱ्याकडून ५० लाख किंवा त्यावरचं घर घेताना तो १ टक्का कर कापतो. त्याला वाटतं तुमचंही तसंच. विकणारा अनिवासी असला की हा नियम लागू होत नाही. रक्कम कितीही लहान असो, कर कापावाच लागतो, आणि तो फायद्यावर न कापता पूर्ण किमतीवर कापला जातो. दोन वर्षांहून जास्त काळ धारण केलेल्या घरासाठी दर १२.५ टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे अधिभार नसेल तर १३ टक्के.

उदाहरण घ्या. घर ४५ लाखांना गेलं आणि तुमचा हिस्सा १५ लाख. खरेदीदार कापणार १ लाख ९५ हजार. तुमचा खरा नफा समजा ६ लाखच आहे, तर कर होतो ७८ हजार. वरचे १ लाख १७ हजार परताव्यासाठी अडकून पडतात. हे टाळायला आयकर विभागाकडून कमी दरानं करकपातीचा दाखला मिळतो. अर्ज ऑनलाइन होतो, पण त्याला काही आठवडे लागतात आणि खरेदीदार कोण हे ठरलेलं असावं लागतं. म्हणून इसार आणि खरेदीखत यांच्यात निदान तीन महिने ठेवा. इसाराच्या रकमेवरही कपात लागते, त्यामुळे तुमच्या हिश्शाचा इसार लहान ठेवा. आई, दादा, फुई भारतात राहतात. त्यांच्या हिश्शाला हा नियम लागत नाही. खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा आणि रक्कम वेगळी लिहिली असेल तरच हे सोपं जातं.

वारसानं आलेल्या घराचा नफा काढताना मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर त्या दिवसाचं बाजारमूल्य धरता येतं, पण त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याच्या वर जाता येत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून तो अहवाल काढाच, कर बराच खाली येतो. भारतात दुसरं घर घेणार असाल किंवा सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसीसारख्या सरकारी संस्थांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवणार असाल, तर सूट आहे. रोखे पाच वर्षं मोडता येत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून सीएला क्रमांक न सांगता कामाच्या नावानं विचारा.

राहता त्या देशातही हा नफा दाखवावा लागतो. भारतात भरलेल्या कराची वजावट बहुतेक ठिकाणी मिळते, पण वर्षं वेगळी असतात. भारताचं ३१ मार्चला संपतं, ब्रिटनचं ५ एप्रिलला.

मुलांना घेऊन एक फेरी

मुखत्यारपत्र झालं तरी घर रिकामं करायला एकदा यावंच. ते काम भावावर आणि वहिनीवर टाकून दूर राहणं मला पटत नाही. कधी यायचं? आखाजीला सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात, फुईंच्या सह्यांना त्याहून चांगली वेळ नाही. पण तेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, आणि थंड देशात वाढलेल्या चार वर्षांच्या पोराला तो झेपत नाही. फुईंच्या सह्या दादानं आखाजीला उरकल्या. आम्ही नाताळाच्या सुट्टीत आलो. थंडी, मोकळे रस्ते, शेतात भरिताच्या पार्ट्या आणि कळण्याची भाकरी. मुलांचा घसा धड राहिला.

मुलांची ओसीआय कार्डं (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची) आणि पासपोर्ट तीन महिने आधी तपासा. नवा पासपोर्ट झाला असेल तर त्याची माहिती ओसीआयच्या पोर्टलवर चढवावी लागते. मुंबईत उतरल्यावर लगेच रात्रीचा प्रवास करू नका. एक दिवस थांबा. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर आहे, मुंबईहून येताना बहुधा जळगावला उतरून पुढे जावं लागतं, आणि पेंगुळलेल्या मुलांसह गाडी बदलणं सोपं नाही. राहायची सोय बंद घरात ठेवू नका. आम्ही चुलत काकांकडे राहिलो. सकाळी नऊ ते एक काम, दुपारी मुलांची झोप, संध्याकाळी लोकांच्या भेटी. यापेक्षा जास्त दिवसात बसत नाही.

सामानाच्या तीन वाटण्या करा: घरातलं कोण काय नेणार, कुणाला द्यायचं, मोडीत काय जाणार. तांब्यापितळेची भांडी आईच्या समोरच वाटा. जातं दादानं नेलं, पाटा-वरवंटा काकूंनी. कपाटातला प्रत्येक कागद उघडून बघितल्याशिवाय फेकू नका; आप्पांच्या एका जुन्या पोस्टाच्या पासबुकात दोन हजार रुपये आणि वारसाचं नाव दोन्ही निघालं.

मुलांना काम द्या. लेकीला मी जुना फोन दिला आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढायला सांगितले. तिनं मोजून अकरा कोनाडे शोधले, जे मला वीस वर्षांत मोजायचं सुचलं नव्हतं. धाकट्यानं न्यायला एक वस्तू निवडायची होती, त्यानं देवघरातली छोटी पळी निवडली. त्यांना खोटं सांगू नका. "आपण पुन्हा येऊ" असं म्हणू नका. गावात येऊ, काकांकडे येऊ, या घरात नाही, असं सांगा. लेक रडली. रडू दिलं.

आणि कुळाचाराचं ताब्याआधी ठरवा. आमची कानबाई काकांच्या घरी बसवायची ठरली. आईनं चौरंग आणि देवीची नथ स्वतः काकूंच्या हातात दिली. त्यानंतरच तिनं खरेदीखताच्या मसुद्याला हो म्हटलं.

खरेदी, ताबा, पैसा

खरेदीखताच्या दिवशी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी खरेदीदार भरतो. फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री झाल्यावरच चावी द्या. वीज मीटरचं रीडिंग आणि पाण्याच्या नळाचा फोटो तारखेसह काढा, ताबा पावतीवर दोघांच्या सह्या घ्या. कापलेला कर खरेदीदारानं भरल्याचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका, आणि तो तुमच्या पॅनवर दिसतो का ते पोर्टलवर बघा.

एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते, वारसानं आलेल्या घराची सुद्धा. त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र आणि तुमचं घोषणापत्र लागतं, बँकेत आजही ते अनुक्रमे पंधरा-सीबी, पंधरा-सीए या जुन्या नावांनी ओळखतात. सोबत खरेदीखत, वारस नोंद आणि कर भरल्याचा पुरावा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नका. पुढच्या जुलैत भारतातलं विवरणपत्र भरा. परतावा असेल तर तो त्याशिवाय येत नाही.

शेवटचं एक बारीकसं. घरपट्टी आणि वीजजोडणीचं नाव बदलून घेणं खरेदीदाराचं काम असतं, आणि ते राहून जातं. तीन महिन्यांनी एकदा विचारा. विजेच्या बिलाचा एसएमएस माझ्या फोनवर अजून आप्पांच्या नावानं येत होता. दोनदा आला. मी खरेदीदार भाऊंना फोन केला, त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज दिला. पुढच्या महिन्यात एसएमएस आला नाही, तेव्हा मी फाइलवर तारीख घातली आणि ती कपाटात ठेवली.